ठोकळ्यांतून स्वतःची मॉडेलं आणि यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणाऱ्यांत दहा वर्षांची मुलं आहेत, त्यांचे आईबाबा आहेत आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लेगोसारखे एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे हातात घेतलेले आजोबाही आहेत. म्हणून सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. खाली ‘ठोकळा’ म्हणजे कुठलाही भाग, ‘ब्रिक’ म्हणजे पूर्ण उंचीचा ठोकळा, ‘प्लेट’ म्हणजे त्याच्या एक तृतीयांश उंचीचा आणि ‘स्टड’ म्हणजे वरची गोल बोंडं.

१. सेट जोडणं आणि स्वतःचं मॉडेल बनवणं यात एवढा फरक काय?

सेटमध्ये सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. स्वतःचं मॉडेल बनवताना केवढं, कुठल्या रंगाचं, आतून कशावर उभं राहणारं, हे सगळं तुम्हालाच ठरवायचं असतं. ठोकळेवाल्या मंडळींत अशा मॉडेलला ‘मॉक’ म्हणतात, ‘माय ओन क्रिएशन’ची आद्याक्षरं. सेट जोडणं कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच वाटत नाही. फक्त जोडताना दर पानाला विचारत जा, ही प्लेट इथेच का घातली? ती काढून पाहा. काय सैल झालं ते बोटांना लगेच कळतं.

२. सुरुवातीला कोणते ठोकळे आणि किती हवेत?

जे घरात आहेत तेवढे पुरतात. विकत घेणारच असाल तर बारीक सुटे भाग जास्त घ्या: १×२ (म्हणजे एक स्टड रुंद, दोन स्टड लांब) आणि २×४ प्लेटा, १×२ ब्रिक, बाजूला स्टड असलेले १×१ ब्रिक. यंत्र बनवायचं असेल तर पिना, म्हणजे भोकांत घालून दोन भाग जोडणाऱ्या छोट्या खुंट्या, कधीच पुरत नाहीत. घर्षण असलेली काळी पिन (भाग क्रमांक २७८०) तर मूठमूठ लागते.

ठोकळे रंगाप्रमाणे नव्हे, आकाराप्रमाणे लावा. सगळ्या १×२ प्लेटांच्या डब्यात लाल प्लेट क्षणात दिसते. लाल ठोकळ्यांच्या ढिगात १×२ प्लेट शोधायला बसाल तर संध्याकाळ तिथेच जाते.

३. मापांचा हिशेब एकदा नीट समजावून सांगाल का?

हो, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ब्रिकची उंची स्टड सोडून ९.६ मिमी, प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटा मिळून एक ब्रिक.

आता या आकड्यांतली गंमत बघा. पाच प्लेटांची उंची १६ मिमी होते आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमीच. म्हणजे ठोकळा आडवा पाडला तरी तो उभ्या ठोकळ्यांशी जुळवता येतो. तसंच पाच ब्रिक म्हणजे ४८ मिमी आणि सहा स्टड म्हणजेही ४८. संगणकावर ठोकळे मांडण्यासाठी जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही पद्धत सुरू केली. तिच्यात ०.४ मिमी हे एकक धरतात, कारण त्यात सगळं पूर्णांकात बसतं: स्टडचं अंतर २०, ब्रिक २४, प्लेट ८. मला स्वतःला मिलिमीटरपेक्षा हेच आकडे तोंडपाठ आहेत.

अजून एक बारकावा. ८ मिमीच्या घरात बसणारा १×१ ब्रिक प्रत्यक्षात ७.८ मिमीचा असतो. २×४ ब्रिक १५.८ बाय ३१.८ भरतो. ही ०.२ मिमीची फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर शेजारी शेजारी लावलेले ठोकळे एकमेकांना ढकलत राहिले असते. प्रश्न १७ मध्ये हीच फट कामाला येते.

४. वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एकत्र चालतात का?

चालतात. आतून पकडीच्या नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी लेगोने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. त्याची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे बनवायला आज कुणालाही मोकळीक आहे. नाव आणि चिन्ह मात्र ज्याचं त्याचंच. प्रत्यक्षात फरक पडतो तो पकडीत आणि रंगात. सजावटीला मिसळले तरी हरकत नाही, पण गिअर, अ‍ॅक्सल (चाकं आणि गिअर बसवायची दांडी) आणि पिना शक्यतो एकाच ठिकाणच्या ठेवा. अ‍ॅक्सल केसभर जरी जाड असला तरी भोकात घासतो आणि मोटर दमते.

५. आधी संगणकावर डिझाइन करावं की थेट हातात घ्यावं?

इमारत, जहाज, शिल्प असं काही असेल तर संगणकावर. ब्रिकलिंक या सुट्या ठोकळ्यांच्या ऑनलाइन बाजाराचं ‘स्टुडिओ’ फुकट आहे, ‘लिओकॅड’ही फुकट आहे. दोन्हींत भागांची यादी आपोआप तयार होते आणि विकत घेताना तिचाच उपयोग होतो. यंत्र असेल तर मी आधी हातातच घेते. पडद्यावर घर्षण नसतं, वजन नसतं, अ‍ॅक्सलला पीळ पडत नाही. तिथे सगळंच फिरतं.

माझी पद्धत अशी: हलणारा भाग मिळतील त्या रंगांच्या ठोकळ्यांत टेबलावर चालता करायचा, मग तो तसाच संगणकावर उतरवायचा आणि बाहेरचं आवरण तिथे रचायचं. आधी देखणं आवरण करून आत यंत्र कोंबायला गेलं की दोन्हींचं वाटोळं होतं.

६. स्केल कशी ठरवायची?

ज्या भागाचं माप तुमच्या हातात नसतं तिथून सुरुवात करा. गाडीत तो भाग म्हणजे टायर. ब्रिक कितीही रचता येतात, टायर मात्र मिळेल त्याच मापाचा घ्यावा लागतो.

टायरच्या बाजूवर बहुधा माप कोरलेलं असतं. समजा ६२.४ × २० आहे, म्हणजे व्यास ६२.४ मिमी. खऱ्या ट्रकच्या चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरला, तर १००० भागिले ६२.४ म्हणजे जवळपास १६. स्केल ठरली १:१६. ट्रकची रुंदी अडीच मीटर असेल तर मॉडेलची १५६ मिमी, साडेएकोणीस स्टड. उंची चार मीटर असेल तर २५० मिमी, म्हणजे जवळजवळ नेमके २६ ब्रिक.

साडेएकोणीसचे एकोणीस करायचे की वीस? बीमनी (ओळीने भोकं असलेल्या लांब पट्ट्यांनी) बांधलेल्या यंत्राला विषम रुंदी सोयीची, कारण बरोबर मध्ये एक भोक येतं आणि मधला अ‍ॅक्सल तिथून जातो. साध्या ब्रिकच्या मॉडेलला सम रुंदी बरी पडते. हे पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलायचं म्हणजे सगळं उकलावं लागतं.

सेटमध्ये येणाऱ्या छोट्या बाहुल्यांसाठी घर किंवा गाडी करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. बाहुली साधारण ४० मिमी उंच असते, त्या हिशेबाने स्केल १:४२ च्या आसपास येते. पण तिची कंबर दोन स्टड रुंद, म्हणजे खऱ्या माणसाच्या हिशेबात ६७ सेंटिमीटर! त्यामुळे दार आणि खुर्ची बाहुलीच्या रुंदीवरून मापा, इमारतीची उंची डोळ्याला बरी दिसेल तेवढी ठेवा.

७. लोक ठोकळे आडवे, उलटे लावतात ते कसं? मला फक्त खालून वर रचता येतं.

या तंत्राला ‘स्नॉट’ म्हणतात, म्हणजे स्टड वर नसलेली रचना. बाजूला स्टड असलेला ब्रिक किंवा ब्रॅकेट (काटकोनात वळलेली प्लेट) घ्या आणि त्यावर प्लेट दाबा. प्लेट आपोआप उभी राहते. जागा किती सोडायची ते पाच प्लेटा आणि दोन स्टडच्या हिशेबाने ठरतं (प्रश्न ३).

पहिला सराव म्हणून आपल्या नावाची पाटी करा. अक्षरं प्लेटांच्या कडांनी काढायची. एकेक रेघ एक प्लेट जाड, शिरोरेखेसाठी वर एक लांब प्लेट. ‘र’ आणि ‘स’चे तिरके पाय जमवताना जे शिकाल ते कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. अर्ध्या प्लेटची सरक हवी असेल तर हेडलाइट ब्रिक वापरा. त्याचा बाजूचा स्टड १.६ मिमी आत बसवलेला असतो. अर्ध्या स्टडची सरक हवी असेल तर मधोमध एकच स्टड असलेली १×२ जंपर प्लेट.

८. मॉडेल उचललं की मधूनच तुटतं. गोंद लावू का?

नको. गवंडी भिंत रचताना सांधेमोड करतो तेच इथे करायचं: एका थरातला सांधा वरच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दर पाच-सहा ब्रिकनंतर लांब प्लेटांचा एक आडवा थर घाला आणि त्याच्या वरचा थर पहिल्याला काटकोनात.

ठोकळा फुटेल ही भीती काढून टाका. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २×२ ब्रिक यंत्राखाली दाबून पाहिले, ते सुमारे ४,२०० न्यूटनला दबले. म्हणजे चारशे किलोपेक्षा जास्त वजन! दाबाने ठोकळा हरत नाही. ताण आला की सांधा सुटतो. म्हणून जिथे ओढ पडते तिथे फक्त स्टडच्या पकडीवर विसंबू नका. तिथे पिन घाला, म्हणजे सांधा सुटायला ती पिनच आडवी येते.

९. भोकांचे बीम आणि साधे ब्रिक एकत्र कसे बांधायचे? भोकं जुळतच नाहीत.

भोकांचे ब्रिक एकावर एक नुसते रचले तर उभ्या भोकांमधलं अंतर ९.६ मिमी येतं आणि बीमच्या भोकांचं ८ मिमी. ती जुळणारच नाहीत. दोन ब्रिकच्या मध्ये दोन प्लेटा घाला. आता अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे १६ मिमी झालं, नेमके दोन स्टड. बीम उभा लावा आणि पिना ठोका. असा उभा बीम लावलेली चौकट हाताने ओढून पाहा, ती सुटत नाही. यंत्र बांधणाऱ्याने सर्वात आधी हीच युक्ती शिकावी असं माझं ठाम मत आहे.

तिरका आधार द्यायचा तर शाळेतला पायथागोरस आठवा: ३-४-५ किंवा ६-८-१०. इथे बहुतेकजण चुकतात, कारण मोजायची असतात भोकांमधली अंतरं, भोकं नव्हेत. अंतर ५ हवं असेल तर पहिल्या आणि सहाव्या भोकात पिन घालायची. सरळ बीम बहुधा विषम भोकांचे येतात, म्हणून ७ भोकांचा घ्या आणि सातवं भोक मोकळं सोडा. ब्रिकच्या रचनेत ६-८-१० फार छान बसतो: उभे ६ म्हणजे बरोबर पाच ब्रिक, आडवे ८ आणि तिरका ११ भोकांचा बीम.

१०. कुठला गिअर कुठल्या गिअरशी लावायचा?

जुने सरळ दात्यांचे गिअर ८, १६, २४ आणि ४० दात्यांचे. दोन गिअरच्या दात्यांची बेरीज करा आणि निम्मी करा, तेच त्यांच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. ८ आणि २४: बेरीज ३२, अंतर १६ मिमी, दोन स्टड. ८ आणि ४०: तीन स्टड. २४ आणि ४०: चार. पण ८ आणि १६ केलं तर १२ मिमी, दीड स्टड, आणि सरळ बीमवर तसं भोकच नाही. दोन्हीकडून उतार असलेल्या गिअरमध्ये १२ आणि २० ही जोडी दोन स्टडवर बसते, १२ आणि ३६ तीनवर.

वेग आणि जोर यांचं गणित सरळ आहे. ८ दात्यांच्या गिअरने २४ चा फिरवला तर वेग तिसरा हिस्सा आणि जोर तिप्पट, त्यातला थोडा घर्षणात जातो. अशा दोन पायऱ्या लावल्या तर नऊपट.

११. मोटर गुणगुणते, ‘कट् कट्’ आवाज येतो आणि गाडी हलत नाही. काय चुकलं?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

तो आवाज दात्यावरून दाता सटकण्याचा आहे. गिअर खराब नसतात, त्यांना धरणारी चौकट वाकते. माझी पहिली क्रेन अशीच अडली होती. मी मोटर बदलली, बॅटरी बदलली, गिअर पुसले. शेवटी खोलीतला दिवा मालवून मागून टॉर्च लावला तेव्हा दिसलं, की मोठा ४० चा गिअर नुसत्या एका बीमवर एका बाजूने टांगलेला होता. भार आला की अ‍ॅक्सल सुतभर तिरका व्हायचा, दात्यांमध्ये उजेडाची रेघ दिसायची आणि ‘कट्’. दुसऱ्या बाजूने एक बीम लावला, दोन्ही बीम आडवे बांधले आणि तीच मोटर तेच वजन उचलायला लागली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक गिअरजोडीचे दोन्ही अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी एकाच चौकटीत धरलेले हवेत. मग मोटर न लावता शेवटचं चाक बोटाने फिरवून पाहायचं. जड लागलं तर बुशिंग (दांडीवरचे भाग जागी धरणारं छोटं कडं) फार आवळलंय. नखभर मागे घ्या, अ‍ॅक्सलला आडवी किंचित हालचाल राहू द्या. वेग कमी करणारी मोठी पायरी शक्यतो चाकाजवळ ठेवा. मोटरजवळ ठेवली तर वाढलेला जोर सगळ्या लांब अ‍ॅक्सलमधून जातो आणि ते पिळले जातात.

एखादा भाग अडकण्याची शक्यता असेल, जसं फाटक किंवा लिफ्ट, तर २४ दात्यांचा क्लच गिअर घाला. जोर मर्यादेबाहेर गेला की तो आतून घसरतो आणि मोटर वाचते. इथला टक् टक् आवाज मात्र बिघाडाचा नव्हे, तो तसाच यायला हवा.

१२. क्रेनने वजन उचललं, पण मोटर बंद केली की खाली येतं. कसं थांबवायचं?

वर्म गिअर लावा. स्क्रूसारख्या या गिअरच्या एका फेऱ्यात समोरचा गिअर एकच दाता सरकतो, म्हणजे २४ दात्यांशी लावला तर २४ फेऱ्यांना एक. समोरचा गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही, त्यामुळे वजन जागीच राहतं. बदल्यात बरीच शक्ती घर्षणात जाते. म्हणून क्रेन, लिफ्ट, पूल उघडण्याचं यंत्र अशा संथ कामालाच वर्म घ्या, गाडीच्या चाकांना नको. वर्म अ‍ॅक्सलवर मागेपुढे सरकतो, त्याला दोन्हीकडून अडवायला विसरू नका.

१३. गाडी सरळ छान जाते, वळताना मात्र मागचं चाक फरफटतं.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि तुमची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर असणार. मध्ये डिफरन्शियल घाला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. अपवाद खडबडीत जमिनीवरच्या गाडीचा. एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल सगळी फिरकी त्यालाच देतं आणि गाडी जागीच राहते. तिथे एकच अ‍ॅक्सल बरा.

१४. ‘बेकायदेशीर जोडणी’ म्हणजे काय? खरंच मनाई आहे का?

मनाई कुणाचीच नाही, हा मंडळींचा आपापसातला शब्द आहे. ज्या जोडणीत ठोकळ्यावर कायमचा ताण राहतो ती बेकायदेशीर. नेहमीचं उदाहरण म्हणजे दोन स्टडच्या फटीत प्लेट उभी खोचणं. स्टडचा व्यास ४.८ मिमी, म्हणजे फट ३.२, आणि प्लेटही ३.२. कागदावर चपखल, पण हलायला तसूभरही जागा नाही. महिनाभराने काढाल तर पकड सैल झालेली किंवा चीर गेलेली सापडेल. चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी कुणी असं केलं तर मी बोलणार नाही. मुलांच्या हातात द्यायच्या मॉडेलमध्ये मात्र करू नये.

ठोकळा कापणं, रंगवणं, चिकटवणं हा वेगळा मुद्दा. दोरा आणि हवेची नळी मापात कापायला बहुतेकांची हरकत नसते. बाकी मी टाळते, कारण तो ठोकळा उद्याच्या मॉडेलला हवा असतो.

१५. यादीप्रमाणे करडे ठोकळे मागवले, पण दोन वेगळ्या छटा आल्या.

लेगोने २००४ च्या सुमारास करड्या आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या. नवा करडा किंचित निळसर आहे. जुना आणि नवा शेजारी ठेवले की फरक उठून दिसतो. त्यात एकाच रंगाला कंपनीचं एक नाव आणि ब्रिकलिंकवर दुसरंच. नावापेक्षा रंगाचा क्रमांक पाहा आणि मागवण्याआधी तो दोन्ही याद्यांत ताडून घ्या.

१६. जुने ठोकळे धुवायचे कसे? पांढरे पिवळे पडलेत, ते जातील का?

४० अंशांपेक्षा कमी गरम पाणी, साधा साबण, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवणं. वॉशिंग मशीन, ड्रायर, हीटर काही नको. मोटर आणि बॅटरीचे डबे फक्त कोरड्या कापडाने पुसा. पिवळेपणा हा मळ नव्हे, उन्हाने प्लास्टिकमध्ये झालेला बदल आहे, त्यामुळे घासून जात नाही. १९६३ च्या आधीचे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असत आणि ते वाकडे होतात. त्यांना यंत्रात घालू नका, जपून ठेवा. त्यानंतरचे एबीएस प्लास्टिकचे आजच्या ठोकळ्यांवर बसतात.

१७. सगळे ठोकळे काटकोनी, मग गोल बुरूज कसा करायचा?

दोन वाटा आहेत. पहिली बिजागरीच्या प्लेटांची: सरळ भिंतीचे सारखे तुकडे करा आणि बिजागरीने जोडा, म्हणजे अष्टकोनी किंवा बाराकोनी बुरूज होतो. मजबूत असतो, पण कोपरे दिसतात.

दुसरी वाट मला जास्त आवडते. फक्त १×२ ब्रिक आणि १×१ गोल ब्रिक आलटून पालटून लावत लांब भिंत रचा, वरच्या थरात सांधेमोड करा (प्रश्न ८). प्रश्न ३ मधली ०.२ मिमीची फट आणि गोल ब्रिकचे नसलेले कोपरे मिळून भिंतीला प्रत्येक सांध्यात किंचित वळायला जागा मिळते. आठ-दहा थरांची, हातभर लांब भिंत झाली की दोन्ही टोकं धरून हळूच वळवा, ती कापडासारखी वळते. घेर मोठा ठेवायचा, पायाला भिंत सगळीकडे घट्ट बसवायची नाही, चार-पाच ठिकाणी एकेका स्टडवर टेकवायची. आणि शेवटची दोन टोकं जुळायला जोर लागत असेल तर दाबू नका, भिंत उघडा आणि प्रत्येक थरात आणखी एकेक जोडी वाढवा.